नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना: कोकणातल्या ग्राहकांसाठी पोर्टिंगची सविस्तर माहिती

हापूसच्या पेटीवर छापलेला, होमस्टेच्या पाटीवर रंगवलेला, बँकेच्या खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर बदलणं कुणालाच परवडत नाही. म्हणून वाडीत रेंज मिळत नसली तरी माणसं वर्षानुवर्षं त्याच कंपनीत राहतात. नाहीतर मग दुकानदाराच्या हातात आधार कार्ड देऊन ‘करून टाक पोर्ट’ म्हणतात आणि पुढचे चार दिवस ओटीपी येत नाही म्हणून धावपळ करतात. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी नियम काय आहेत आणि कुठली गोष्ट कशाच्या आधी करायची, एवढं माहीत हवं.

नंबर कोणाचा असतो

मोबाइल नंबर कंपनीच्या मालकीचा नसतो आणि आपल्याही नसतो. देशभराची क्रमांक योजना दूरसंचार विभाग ठरवतो आणि तोच कंपन्यांना नंबरांचे गट वाटून देतो. सध्याची योजना २००३ची आहे. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, या योजनेबाबत शिफारशी करतं. पोर्टिंगचे नियम मात्र ट्रायचे स्वतःचे आहेत. ते सप्टेंबर २००९मध्ये निघाले, २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सेवा सुरू झाली आणि २० जानेवारी २०११पासून ती देशभर लागू झाली. तेव्हा फक्त आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या आपल्याच विभागात, कंपनी बदलता येत होती. सर्कल ओलांडून नंबर नेण्याची सोय ३ जुलै २०१५ला आली. कोकणासाठी ही तारीख फार महत्त्वाची आहे. ती का, ते पुढे चाकरमान्यांच्या भागात येईल.

देशाचा कोड ९१ आणि पुढे दहा आकडे, ही आपली रचना. मोबाइलचे पहिले चार आकडे ठरले की उरलेल्या सहा आकड्यांतून दहा लाख नंबर निघतात. सुरुवातीच्या काळात अशा गटांवरून कंपनी आणि सर्कल दोन्ही ओळखता यायचं. ९४२२ दिसला की महाराष्ट्रातला बीएसएनएल, ९८२० दिसला की मुंबईचा, हे गावातल्या शाळकरी मुलालाही पाठ असायचं. आता तसं म्हणता येत नाही. पहिल्या आकड्यांवरून तो नंबर मुळात कुठल्या गटातून निघाला, एवढंच कळतं. आज तो कुठल्या कंपनीत आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. रिचार्ज करताना ॲप चुकीची कंपनी दाखवतं तेही यामुळेच. पैसे भरण्याआधी तिथलं कंपनीचं नाव नीट पाहून घ्यावं.

लँडलाइनचेही एसटीडी कोड धरून दहाच आकडे होतात. रत्नागिरी ०२३५२, चिपळूण ०२३५५, दापोली ०२३५८, मालवण ०२३६५, अलिबाग ०२१४१ यांतलं सुरुवातीचं शून्य सोडलं तर चार आकडे राहतात आणि पुढे सहा आकडी स्थानिक नंबर लागतो. गोव्याचा ०८३२ शून्याशिवाय तीन आकडी, म्हणून तिथे स्थानिक नंबर सात आकडी. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबावं लागतं, ते नव्या नंबरांसाठी जागा व्हावी म्हणून. एवढ्या एका बदलामुळे सुमारे २५४ कोटी नंबर मोकळे होऊ शकतात, असा हिशेब ट्रायने मांडला होता.

लँडलाइन नंबर आपल्याकडे पोर्ट होत नाही. दुकानाचा जुना लँडलाइन नंबर दुसऱ्या कंपनीच्या फायबर जोडणीवर आणून देतो असं कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबून राहू नये.

आधी रेंज, मग पोर्ट

एकदा पोर्ट केलं की त्या कंपनीत किमान ९० दिवस राहावं लागतं. म्हणून निर्णय जाहिरातीवर किंवा तालुक्याच्या गावात मिळालेल्या स्पीडवर घेऊ नये. कोकणातली जमीनच अशी आहे की सड्यावर चार कांड्या दिसतात आणि पाखाडी उतरून वाडीत आलं की फोन मुका होतो. खाडीच्या अलीकडच्या काठावर पलीकडचा टॉवर धरतो आणि घराच्या मागच्या पडवीत काहीच धरत नाही. बाजूच्या वाडीतला माणूस ‘मस्त चालतं’ म्हणाला, तरी ते त्याच्या वाडीपुरतं खरं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ज्या कंपनीत जायचं आहे तिचं सिम असलेला शेजाऱ्याचा किंवा पाहुण्याचा फोन मागून घ्यावा. घरात, खळ्यात, बागेत, गोठ्यापाशी, जेटीवर, जिथे जिथे आपला वावर आहे तिथे उभं राहून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा. नुसत्या कांड्या मोजून भागत नाही. फोन लागतो का, समोरच्याचा आवाज तुटतो का, हे पाहावं. संध्याकाळी सात ते दहा या वेळात इंटरनेट चालवून पाहावं, कारण त्या वेळी टॉवरवर भार असतो. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात, ट्रायचं मायस्पीड ॲपही आहे. पण नकाशा डोंगराआडच्या घळीची खात्री देत नाही.

पावसाळ्याचाही विचार करावा. लाइट गेली की त्या टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते, हे जवळपास राहणाऱ्यांनाच माहीत असतं. त्यांना सरळ विचारावं. घरात दोन सिम असतील तर दोन्ही एकाच कंपनीत नेऊ नयेत. वादळात एकीचा टॉवर गेला तरी दुसरीचा चालू असण्याची शक्यता राहते.

हँडसेट तपासणं बरेच जण विसरतात. आजीकडचा साधा की-पॅडचा फोन टू-जीवर चालतो आणि जिओचं टू-जी जाळंच नाही. त्या फोनमधला नंबर जिओत नेला तर नवं सिम घालूनही फोन लागणार नाही. फोर-जीवर बोलता येईल असा फोन आधी घ्यावा लागतो. हीच अडचण बागेतल्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरला येते. बरेच जुने स्टार्टर टू-जीवरचेच आहेत. त्यातलं सिम पोर्ट करण्याआधी यंत्रावर काय लिहिलंय ते वाचावं किंवा बसवणाऱ्याला विचारावं. नाहीतर ऐन एप्रिलमध्ये कलमांना पाणी सोडायला दर वेळी विहिरीवर उतरावं लागेल.

अर्ज कुठल्या कारणांनी अडतो

नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस चालू असला पाहिजे. पोस्टपेड असेल तर मुदत उलटून गेलेलं बिल थकलेलं नको. कंपनीशी ठरावीक काळाचा करार असेल तर तो संपलेला किंवा त्यातून बाहेर पडण्याची अट पूर्ण केलेली हवी. नंबराबाबत न्यायालयात वाद किंवा मनाई नको. मालकी बदलाचा अर्ज अर्धवट पडलेला नको.

१ जुलै २०२४पासून आणखी एक नियम आला. सिम बदलून घेतलं असेल, म्हणजे हरवलं म्हणून किंवा खराब झालं म्हणून डुप्लिकेट काढलं असेल, तर त्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. दुसऱ्याच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर पळवण्याचे प्रकार होत, त्याला आळा घालण्यासाठी हे आहे. तेव्हा ‘आधी सिम नवं घेऊ, मग पोर्ट करू’ हा क्रम टाळावा. जुनं सिम चालत असेल तर थेट पोर्टलाच लागावं.

नावाचा घोळ आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. नंबर वापरतो मुलगा, पण सिम वडिलांच्या नावावर, आणि वडील मुंबईत किंवा हयात नाहीत. पोर्टिंग म्हणजे मालकी बदल नव्हे. सिम ज्याच्या नावावर, त्यानेच आपल्या कागदपत्रांनिशी अर्ज करायचा असतो. नाव बदलायचं असेल तर ते काम सध्याच्या कंपनीच्या केंद्रात आधी पूर्ण करावं. व्यक्ती वारली असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन कुठल्याही गल्लीतल्या दुकानात न जाता कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावं. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर नंबर आणि ओटीपी टाकून पाहता येतं. आपल्या भागात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ नंबर ठेवता येतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नाही असं तिथेच कळवावं.

प्रत्यक्ष पोर्टिंग

ज्या नंबराचं पोर्टिंग करायचं त्याच नंबरावरून १९०० वर एसएमएस पाठवायचा. मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत: पी-ओ-आर-टी, मग एक मोकळी जागा, मग आपला दहा आकडी नंबर. आधी शून्य नको, ९१ नको, शेवटी टिंब नको. दोन सिमचा फोन असेल तर एसएमएस नेमका कुठल्या सिमवरून जातोय ते पाहावं. सगळ्यात जास्त अर्ज इथेच फसतात आणि माणूस कंपनीला दोष देत बसतो. प्रीपेडच्या प्लॅनमध्ये एसएमएस नसले, तरी पोर्टिंगचा हा एसएमएस कंपनीने जाऊ दिलाच पाहिजे, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१मध्ये दिला आहे. दुकानदार ‘आधी रिचार्ज मारा’ म्हणाला तर हे त्याला सांगावं.

उत्तरात आठ अक्षरी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. १६ डिसेंबर २०१९पासून हा कोड तुमची जुनी कंपनी देत नाही. मधली पोर्टिंग संस्था आधी जुन्या कंपनीकडून वरच्या अटी तपासून घेते आणि सगळं ठीक असेल तरच कोड काढते. त्यामुळे कोड हातात आला की मोठा अडथळा पार झाला असं समजायला हरकत नाही. कोड आला नाही आणि कारणाचा एसएमएस आला, तर तो पुसू नये. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

कोड चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या केंद्रात किंवा अधिकृत दुकानात ओळखपत्र घेऊन स्वतः जावं. तिथे केवायसी होते, फोटो निघतो, नवं सिम मिळतं. कोड तोंडी सांगू नये, फोन पुढे करून अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्यावं. एक अक्षर चुकलं तरी अर्ज परत येतो. आणि हा कोड फोनवरून मागणाऱ्या कुणालाही देऊ नये, तो कितीही ‘कस्टमर केअर’ म्हणत असला तरी. पोर्टिंगचं शुल्क जास्तीत जास्त ६ रुपये ४६ पैसे आहे. सिमचे आणि पहिल्या रिचार्जचे पैसे वेगळे.

विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत त्याच १९०० वर इंग्रजीत कॅन्सल हा शब्द आणि पुढे नंबर पाठवून अर्ज मागे घेता येतो. ती वेळ गेली की थांबवता येत नाही.

एकाच सर्कलमध्ये पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात. सर्कल बदलणार असेल किंवा नंबर व्यक्तीऐवजी एखाद्या उद्योगाच्या किंवा संस्थेच्या नावावरचा असेल तर पाच. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या यात धरत नाहीत, म्हणून गणपतीत किंवा दिवाळीत टाकलेला अर्ज लांबल्यासारखा वाटतो. नंबर कधी वळणार त्याची तारीख आणि वेळ एसएमएसने कळते. त्या दिवशी जुन्या सिमची रेंज जाते. साधारण चार तासांपर्यंत दोन्ही सिम बंद असू शकतात. जुनं सिम ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागलं की नवं घालावं, फोन बंद करून चालू करावा आणि कंपनी सांगेल तशी पडताळणी करावी. तोवर जुनं सिम काढू नये, नाहीतर मधल्या दिवसांतले फोन हुकतात.

जुन्या सिममधला उरलेला बॅलन्स आणि प्लॅनचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. वर्षाचा रिचार्ज मारून महिन्याभरात पोर्ट केलं तर ते पैसे गेलेच. पोस्टपेडचं शेवटचं बिल पोर्ट झाल्यानंतरही येतं, ते भरावं. थकवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून सेवा बंद करायला लावू शकते. व्हॉट्सॲपमध्ये काही बदलावं लागत नाही, कारण नंबर तोच आहे.

आंबेवाल्यांनी मार्च ते मे आणि होमस्टेवाल्यांनी डिसेंबरचा शेवटचा आठवडा पोर्टिंगसाठी निवडू नये. जुलै-ऑगस्टमधला आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस सगळ्यात सोयीचा. शेजाऱ्यांच्या फोनवर केलेली पावसाळ्यातली चाचणीही तेव्हा ताजी असते.

फोन पोहोचतो कसा

हे समजलं तर निम्म्या अडचणींचं निदान घरबसल्या होतं. देशात पोर्टिंगसाठी दोन विभाग आहेत आणि प्रत्येकाला एक मधली संस्था नेमलेली आहे. मुंबई आणि गोव्यासह महाराष्ट्र पहिल्या विभागात येतात, तर सीमेपलीकडचं कारवार कर्नाटकात, म्हणजे दुसऱ्या विभागात. नंबर वळला की ही संस्था सगळ्या कंपन्यांना कळवते आणि प्रत्येक कंपनी आपल्याकडची यादी सुधारते. त्यानंतर कुणीही तुम्हाला फोन लावला की, फोन लावणाऱ्याची कंपनी आधी त्या यादीत तुमचा नंबर पाहते. तिथे नव्या कंपनीचा मार्गक्रमांक मिळतो आणि कॉल थेट तिकडे जातो. जुन्या कंपनीला वळसा घालावा लागत नाही. म्हणून जुनी कंपनी उद्या बंद पडली तरी तुमचा फोन लागत राहतो.

आता पोर्ट झाल्यावर सगळ्यांचे फोन येतात, पण एका विशिष्ट कंपनीच्या ग्राहकांचेच येत नाहीत, असं झालं तर दोष तुमच्या सिममध्ये नाही. त्या कंपनीच्या यादीत बदल चढलेला नाही. तक्रार नव्या कंपनीकडेच करायची, पण ‘फोन येत नाही’ एवढंच मोघम सांगू नये. कुठल्या कंपनीच्या कुठल्या नंबरावरून, किती वाजता लावला आणि काय ऐकू आलं, अशी दोन-तीन उदाहरणं द्यावीत. बँकेचे ओटीपी येत नसतील तर दुसऱ्या बँकेचा येतो का ते पाहावं. एकाच बँकेचा अडत असेल तर बँकेकडे आणि सिम कंपनीकडे दोन्हीकडे कळवावं. एकही एसएमएस येत नसेल तर नव्या सिमचीच सेवा अर्धवट सुरू झालेली असते.

मुंबईचा नंबर आणि गावचं घर

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे मुंबई सर्कल. अलिबागपासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पुढे गोवा हे महाराष्ट्र सर्कल. २०१५पर्यंत गावी कायमचं परतलेल्या चाकरमान्याला मुंबईचा नंबर इथल्या दुसऱ्या कंपनीत नेताच येत नव्हता. आता येतो, पाच कामाच्या दिवसांत.

पण ‘मुंबईचा नंबर म्हणून गावात रेंज येत नाही’ हा समज चुकीचा आहे. रेंज टॉवरची आणि कंपनीची असते. त्याच कंपनीचं सिम गावात नीट चालत असेल तर केवळ सर्कल बदलण्यासाठी पोर्ट करण्यात अर्थ नाही. कंपनीच बदलायची असेल तर मुक्काम किती दिवसांचा ते आधी पाहावं. गणपतीला सात दिवसांसाठी आलेल्याने गावच्या दुकानातून अर्ज टाकून परत मुंबई गाठली, तर नवं सिम चालू करताना काही अडलं तर मदतीला ते दुकान जवळ नसतं. अर्ज जिथे राहायचं तिथूनच करावा.

नंबर हातचा जाऊ नये म्हणून

प्रीपेड नंबरावर ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून मुदत ३० दिवस वाढते. बंद झाल्यावरही १५ दिवसांत धाव घेतली तर नंबर परत मिळू शकतो. बोटीवर महिनोन्‌महिने जाणाऱ्या खलाशांनी घरच्यांकडे ते सिम देऊन महिन्यातून एकदा फोन लावायला सांगावं. पोर्ट केलेला नंबर कायमचा बंद झाला तर तो मुळात ज्या कंपनीच्या गटातला होता तिच्याकडे परत जातो. पुढचे किमान ९० दिवस कुणालाही दिला जात नाही आणि मग तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. म्हणून नंबर सोडायचा ठरला तर त्याआधी बँक, गॅस, आधार सगळीकडून तो काढून घ्यावा.

तक्रार

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. आधी १९८ वर आपल्या कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्यावा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याचे पैसे लागत नाहीत. तिथेही अडलं तर दूरसंचार विभागाच्या तक्रार निवारण कक्षाकडे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून लिहावं. सोबत डॉकेट नंबर, १९०० वर पाठवलेला एसएमएस आणि आलेलं उत्तर यांचे स्क्रीनशॉट जोडावेत. बिल भरलेलं असताना ‘थकबाकी’ सांगून कोड नाकारला असेल तर पावतीही जोडावी, कारण खोट्या कारणाने दिलेल्या प्रत्येक नकाराबद्दल ट्राय कंपनीला १०,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतं.